नानासाहेबांची मडम

लिहायला बसण्याआधी क्षमा मागतो, आणि ती केवळ रीत म्हणून नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी लेखणी धरलेली नाही. वडील कागदावर अंगठा उठवतात. मी अमरावतीला इंटरच्या वर्गात शिकतो. एवढ्याशा भांडवलावर एका वडीलधाऱ्या माणसाबद्दल लिहायचं, त्यातही त्यांच्या फजितीबद्दल लिहायचं, हे मला शोभतं की नाही याची अजून खात्री नाही. म्हणून मी आधी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "लेह्य ना बे. माह्याबद्दल काय लेह्याचं ते लेह्य. फकत मडमले नावं ठेवू नको."

मडम म्हणजे त्यांची मोटार. तिला नावं न ठेवता हे सगळं कसं सांगावं, ते मला नीटसं कळलेलं नाही. प्रयत्न करतो.

पिंपळगाव राजात आमच्या घराला भिंत लागून नानासाहेब इंगळ्यांचं घर आहे. काळी कसदार जमीन, कपाशी, दोन बैलजोड्या आणि सुखदेव नावाचा म्हातारा सालदार, जो दर पाडव्याला "या साली दुसरा गडी पाहा मालक" म्हणतो आणि पुन्हा वर्षभर तिथेच राहतो. नानासाहेबांचं वय पन्नाशीच्या पुढे. माणूस सरळ, बोलायला मोकळा. खोड एकच. कुठलीही वस्तू समोर आली की ती उघडून पाहिल्याशिवाय त्यांचा हात राहत नाही.

"खोलल्याबिगर समजते का कोठी?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

शाळेचं घड्याळ त्यांनी एकदा उघडलं. तेव्हापासून ते बाराला तेरा ठोके देतं. हेडमास्तर म्हणतात, हरकत नाही, मुलांची वजाबाकी पक्की होते. भजनी मंडळाची पेटी उघडली, तेव्हापासून तिची एक पट्टी कुणी न दाबता वाजत राहते. बुवांनी आधी खूप आरडाओरडा केला. मग नाइलाजाने त्या सुराला धरूनच गाऊ लागले. आता परगावच्या चांगल्या पेटीवर बसवलं तर बुवांना सूर सापडत नाही.

उघडलेली वस्तू पुन्हा बंद करताना दोन-चार स्क्रू हमखास उरत. नानासाहेबांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. "कारखान्यावाले जास्तीचे टाकतेत. आपल्या बाया नाई का, भाकरीवर चटणी अंमळ जास्तच ठेवत?"

मडम त्यांच्याकडे कशी आली तेही सांगतो. खामगावला कापसाचा व्यवहार पाहणारा एक गोरा साहेब विलायतेला परत चालला होता. मोटार त्याची, पण त्याच्या आधी आणखी दोन साहेबांनी वापरलेली. पुढचा कंपनीच्या नावाचा पत्रा कधीच गळून पडला होता, त्यामुळे ती कुठल्या घराण्याची हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नानासाहेबांनी ती घेतली तेव्हा साहेबाने त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ धरून ठेवला होता. नानासाहेब हे फार अभिमानाने सांगत.

"किती जीव होता बापा त्याचा मडमवर!"

"सुटला म्हणून धरला असंन मालक," सुखदेव बैलांना चारा टाकता टाकता म्हणायचा.

खामगावात मोटारी दुरुस्त करणारा मिस्त्री होता, चांगला होता. पण नानासाहेबांनी त्याच्या दाराची पायरी कधी चढली नाही. आपली म्हैस दुसऱ्याच्या हाताने पिळायची नाही, असं त्यांचं म्हणणं. पंख्याचा पट्टा तुटला तर जुन्या मोटेच्या चामड्याचा पट्टा कापून लावला. मोटार चालली, फक्त गरम झाली की तिला विहिरीचा वास यायचा. पुढची पाण्याची टाकी गळू लागली, तेव्हा कुणा ड्रायव्हरने सांगितलं की चिमूटभर हळद टाका, भोक बुजतं. नानासाहेबांनी विचार केला, हळदीने बुजतं तर पिठाने जास्त बुजेल. चांगलं शेरभर ज्वारीचं पीठ टाकलं. गळती थांबली. खामगावच्या रस्त्यावर आठ मैलांवर टाकीचं झाकण उडालं आणि आतून रटरट शिजलेली आंबील बाहेर आली, ती थेट काचेपर्यंत.

सुखदेव मागून बैलजोडी घेऊन येतच होता. तो नेहमीच येई. मडम गावाबाहेर पडली की मैलभर अंतर ठेवून तो निघे, आणि कुणी विचारलं तर म्हणे, "काई नाई, बैलायचे पाय मोकळे करून राह्यलो." त्या दिवशी त्याने काचेवरून बोट फिरवलं, चाखलं आणि म्हणाला, "मीठ टाकलं असतं तं जेवता आलं असतं."

इथवर सगळं हसण्यासारखं होतं. त्या दिवाळीला मात्र गोष्ट वेगळी झाली.

नानासाहेबांना एकच मुलगी, वत्सलाताई. ती पाच वर्षांची असताना तिची आई तापाने गेली. नानासाहेबांनी दुसरं लग्न केलं नाही. स्वयंपाक स्वतः शिकले, तिची वेणी घालायलाही शिकले. ती वेणी शेवटपर्यंत दाव्यासारखी दिसायची, पण कधी सुटली नाही. दोन वर्षांपूर्वी वत्सलाताईला धाडला दिली. धाड म्हणजे राजूरचा घाट चढून बुलढाणा, आणि त्याच्याही पलीकडे. आता तिचं पहिलं बाळंतपण होतं, आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही आपली रीत.

धाडच्या विहीणबाई मोठ्या कडक. त्यांनी निरोप पाठवला होता की तुमच्या घरात बाईमाणूस नाही, पोरीचं कोण करणार? नानासाहेबांनी उलट निरोप पाठवला: खामगावला बायकांची डॉक्टरीण आहे, आणि मी आहे. दोन-तीन निरोप असे गेले-आले. शेवटी विहीणबाई राजी झाल्या, पण अट घालून. सून घाटातून बैलगाडीत धक्के खात जाणार नाही, आणि सर्व्हिस मोटारीत कोंबड्यांच्या खुराड्यांशेजारी तर मुळीच बसणार नाही. स्वतःची मोटार घेऊन या. आणि सातवा महिना सरायच्या आत या. आठव्यात आम्ही पोरीला उंबऱ्याबाहेर काढत नाही.

म्हणजे आता सगळं मडमवर आलं होतं.

मी दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो, तेव्हा मडम नानासाहेबांच्या अंगणात तुकडे तुकडे होऊन जाजमावर मांडलेली होती. भांड्यांचं दुकान मांडावं तशी. मधोमध नानासाहेब, कोपरापर्यंत काळे.

"आले का कालेजवाले! ये बे, ये. तुही वाटच पाहून राह्यलो व्हतो."

त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं एक पुस्तक काढलं. साहेबाच्या मोटारीबरोबर आलेलं, इंग्रजी, मोटारीची सगळी माहिती देणारं. ते पुस्तक वाचू शकेल असा गावातला एकच माणूस, असा त्यांचा समज होता. आणि तो माणूस मी.

इथे मला एक कबूल करायचं आहे. ते पुस्तक मला समजत नव्हतं. कॉलेजात आम्हाला इंग्रजी कविता होत्या, पक्ष्यांवर होत्या, संध्याकाळवर होत्या. कार्ब्युरेटरवर एकही नव्हती. हे मी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवं होतं. पण भिंतीच्या पलीकडे माझे वडील उभे होते आणि शेजारच्या कुणाला तरी सांगत होते, "आमचा पल्हाद मोटरीचं पुस्तक वाचून राह्यला." 

मी घरून डिक्शनरी आणली. पुस्तकात पहिल्याच पानावर चोक नावाचा भाग होता. डिक्शनरीत अर्थ दिला होता, गळा दाबणे. दुसरा भाग थ्रॉटल. त्याचाही अर्थ गळा दाबणे.

नानासाहेब विचारात पडले. "दोन्हीकडून गळा दाबाचा? मंग बिचारी श्वास कोठून घेईन?"

"पुस्तकात तसंच आहे," मी म्हणालो. खोटं तर मी बोलत नव्हतो.

पुस्तकात आकृत्या होत्या. एका आकृतीवरून आम्ही ठिणगीच्या चारी तारा जोडल्या. आकृती मोटारीच्या खालून पाहून काढलेली होती, हे मला दोन दिवसांनी कळलं. तोवर नानासाहेबांनी हँडल मारलं होतं. मडम सुरू झाली नाही, पण तिने एक बार काढला. गोठ्यातली म्हैस दावं तोडून वेशीपर्यंत गेली. कोतवाल काठी घेऊन धावत आला आणि कुणावर गोळी झाडली म्हणून विचारू लागला. नानासाहेबांचं तोंड काळं झालं होतं, पण ते खुशीत होते.

"बोलली! आयकलं का सुखदेव? बोलली ते!"

"आयकलं. शिव्या देऊन राह्यली."

रोज संध्याकाळी हात धुताना मी विचारायचो, "नानासाहेब, दिवस पुरतील ना?" ते बोटांची पेरं मोजायचे. वैशाख एक, ज्येष्ठ दोन, आषाढ तीन, श्रावण चार, भादवा पाच, आश्विन सहा. "सातवा कार्तिकात लागते. कार्तिक सरेलोक टाइम हाय. घाई केली का काम बिघडते." मी मान डोलवायचो. मला त्या मोजणीत काही चूक दिसली नाही. कॉलेजातल्या गणितात मला बरे गुण होते.

भाऊबीज झाली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी मडम खरंच सुरू झाली. अंगणात पावशेर लोखंड उरलं होतं, पण ती चालत होती, थांबवली की थांबत होती. चौथ्या दिवशी पहाटे आम्ही निघायचं ठरलं. सुखदेव आदल्या दिवशीच बैलगाडी जुंपून निघून गेला. कुठे चालला म्हणून विचारलं तर म्हणाला, "मोताळ्यापलीकडे सोयरे हायत. कदी भेटाव म्हणलं." त्याचे तिकडे कुणी सोयरे असल्याचं आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

मोताळ्यापर्यंत मडम सुनेसारखी मुकाट चालली. नानासाहेबांनी नवीन फेटा बांधला होता. मागच्या बसायच्या जागेवर दोन गाद्या, एक उशी, आणि वत्सलाताईला धक्का लागू नये म्हणून चारी बाजूंनी सरकीची पोती लावली होती. ते एकटेच बोलत होते. येताना हा खड्डा डावीकडून काढायचा, तो दगड लक्षात ठेव, या वळणावर सावली आहे, इथे तिला पाणी प्यायला थांबायचं.

आणि घाटाच्या पायथ्याशी मडम थांबली.

सपाटीवर सुरू व्हायची. चढ लागला की वीस-पंचवीस हात जायची, खोकायची आणि बंद पडायची. मागे ढकलून सपाटीवर आणली की पुन्हा सुरू. पुन्हा चढ, पुन्हा खोकला. तीनदा असं झालं. मी पुस्तक चाळलं. त्यात घाटाचा उल्लेख नव्हता.

रस्त्याकडेच्या बाभळीखाली सुखदेव बिडी ओढत बसला होता. बैल सोडलेले होते. आमच्याकडे न पाहता तो म्हणाला, "रामराम मालक. बरं चाललं?"

"चाललं."

"चालू द्या." थोड्या वेळाने म्हणाला, "बैल रिकामेच हायत म्हणलं."

नानासाहेब एकदम उसळले. "पोरीच्या सासरी मडम बैलाले बांधून नेऊ? आँ? जलमभर तिले आयकाव लागंन. तुहा बाप आला होता म्हणे, बैलामांगं मोटर वढत!"

नानासाहेब दगडावर जाऊन बसले. मला वाटलं, आता ते पाना मागतील आणि सगळं पुन्हा उघडायला घेतील. तसं झालं असतं तर आम्ही कार्तिकच काय, मार्गशीर्षही त्याच बाभळीखाली काढला असता. पण त्यांनी पाना मागितला नाही. सीट उचलून खालच्या टाकीत काडी बुडवून पेट्रोल पाहिलं. अर्धी टाकी होती. मग पाण्याचा तांब्या घेतला, अर्धा रिकामा केला आणि मडमसारखा तिरपा धरून बघत राहिले. बराच वेळ.

"पल्हाद, पाटाचं पाणी चढावर चढते का?"

"नाही."

"बरोबर. टाकी आपल्या बुडाखाली. इंजिन पुढे. चढावर इंजिन उचललं जाते, तेल मांगं राह्यते. पाट उलटा झाला." ते उभे राहिले. "मंग आपुनच उलटं जाऊ."

मला आधी अर्थच कळला नाही. त्यांनी मडम फिरवली, तिचं तोंड मोताळ्याकडे केलं, पाठ घाटाकडे, आणि रिव्हर्समध्ये टाकून चढायला सुरुवात केली. मडमने एक हुंकार दिला आणि निघाली.

राजूरचा सगळा घाट आम्ही पाठमोरे चढलो. मी पायरीवर उभा राहून मागे पाहत ओरडत होतो, डावीकडे घ्या, उजवीकडे दरी आहे, दरी आहे. नानासाहेबांची मान मागे वळलेली, फेटा सुटून खांद्यावर आलेला. सुखदेव गाडी जुंपून पुढे झाला होता आणि समोरून येणाऱ्यांना बाजूला करत होता. एका मेंढपाळाने मेंढ्या कड्याला दाबून धरल्या आणि विचारलं, "बुवा, हे मोटर चढून राह्यली का उतरून राह्यली?"

"तिलेच पूस," सुखदेव म्हणाला.

वरून एक सर्व्हिस मोटार आली. तिच्या ड्रायव्हरने आमची पाठ पाहून वाट दिली, मग तोंड पाहिलं आणि गाडी थांबवून हात जोडले. त्याच्या प्रवाशांनीही जोडले. मला खाली पाहवत नव्हतं.

माथ्यावर आल्यावर नानासाहेब उतरले. मडमच्या पत्र्यावर त्यांनी थाप मारली आणि स्वतःलाच नवल वाटावं तसं म्हणाले, "खोलल्याबिगर समजलं बे!"

धाडला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. घाटातली बातमी आमच्या आधी पोचलेली. अर्धं गाव दाराशी. विहीणबाई पदर खोचून उंबऱ्यात उभ्या. त्यांच्या मागे वत्सलाताई, हिरव्या लुगड्यात, जड झालेली.

"आबा, घाट उलटा चढले म्हणे तुम्ही?" ती हसत होती.

"हाव. सुलटा बी येते मले," नानासाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर तितका फुललेला पाहिला नाही. "चाल, सामान घे. गाद्या टाकल्या हायत."

विहीणबाई जागच्या हलल्या नाहीत. "या, इवाई. मोटार आणलीत, शब्द राखलात. पण उशीर केलात."

"उशीर? सातवा आता कोठी लागला, इनबाई."

"सातवा सरला. आठवा लागून पाच दिवस झाले."

नानासाहेब हसले. त्यांनी पेरं पुढे केली. वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण. आणि बोट तिथेच थांबलं. मलाही त्याच क्षणी आठवलं. त्या वर्षी श्रावण दोन होते. आधी अधिक, मग निज. त्या धोंड्याच्या महिन्यात जावईबापू पिंपळगावला येऊन नानासाहेबांच्या हातचे धोंडे खाऊन गेले होते.

"पण तो तं धोंड्याचा महिना," नानासाहेब हळू आवाजात म्हणाले. "त्यात लगीन धरत नाईत, मुंज धरत नाईत. काईच धरत नाईत. तो कसा मोजाचा?"

जमलेल्या बायका हसल्या. विहीणबाई हसल्या नाहीत. मला वाटतं त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण त्यांचा आवाज उतरला होता. "पंचांगात धरत नसतील इवाई. पोटातलं लेकरू थांबतंय का?"

आठवा म्हणजे आठवा. नानासाहेबांनी वाद घातला नाही, आणि हे मला सगळ्यात जास्त लागलं. त्यांनी गाद्या आणि उशी उतरवून ओट्यावर ठेवली. "तिले बसाले व्हतीन," म्हणाले. वत्सलाताई त्यांच्या पाया पडायला वाकू लागली, तर त्यांनी तिला धरून सरळ उभी केली.

परतीच्या वाटेवर मडम एकदाही थांबली नाही. घाट सुरेख उतरली. नानासाहेब एक शब्द बोलले नाहीत. खड्डा डावीकडून काढायचा की उजवीकडून, तेही नाही.

अमरावतीला जाण्याच्या आदल्या दिवशी मी पुस्तक परत द्यायला गेलो. खरं म्हणजे मला सांगायचं होतं की मला त्यातलं फारसं समजत नव्हतं, आणि आठ दिवस माझ्या वाचनापायी गेले. ते न जाते तर आम्ही सातव्यातच पोचलो असतो. ओसरीवर कुणी नव्हतं. आतल्या खोलीचं दार उघडं होतं, म्हणून डोकावलो.

ती खोली मी लहानपणापासून पाहत आलो होतो. तिथे सरकी पडलेली असे. आता ती शेणाने सारवलेली होती, भिंतींना चुना. नवी विणलेली बाज, एका कोपऱ्यात शेक द्यायची शेगडी. पाळण्याच्या दोरीला त्यांनी मोटारीच्या जुन्या सीटची स्प्रिंग बसवली होती, झोका मऊ लागावा म्हणून. फळीवर डबे ओळीने: डिंक, मेथ्या, खोबरं, खारका. आणि बाजेवर एका पांढऱ्या फडक्यात बाळाची टोपरी, झबली, दुपटी. शिवण वाकडीतिकडी पण दाट, मडमच्या सीटला घालतात तसली. दहा-बारा टोपरी असतील. प्रत्येकावर कुठे ना कुठे अंगठ्याचा काळा ठसा.

नानासाहेब मागे येऊन उभे राहिले होते. मी चपापलो. ते माझ्याहून जास्त चपापले.

"धुतल्यानं जाईन तो डाग," ते म्हणाले.

"तुम्ही शिवलं?"

"मंग कोण शिवंन? इनबाईनं इचारलं व्हतं ना, पोरीचं कोण करंन म्हणून." त्यांनी फडकं पुन्हा झाकलं, मग उघडलं. सगळ्यांच्या खालून एक जुनं, विटलेलं कापड काढलं. त्याचे चार तुकडे होते, लहान लहान, कडेला सुईची बारीक भोकं. "हे वत्सलीचं टोपरं. तिच्या मायनं शिवेल. येवढं एकच राह्यलं व्हतं. कसं शिवतेत ते पाह्याले खोललं." ते तुकडे त्यांनी तळहातावर एकाशेजारी एक मांडले. "मंग पह्यल्यासारखं काई जमलं नाई बे."

मी काखेतलं पुस्तक काढलं. ते बाजेवर ठेवून आलो.

कॉलेज सुरू झालं. मार्गशीर्षात घरून पत्र आलं. आमच्या घरची पत्रं हेडमास्तर लिहितात, वडील सांगतात तसं. त्यात लिहिलं होतं की नववा लागताच नानासाहेब सुखदेवच्या बैलगाडीतून धाडला गेले. मडम गोठ्यात झाकून ठेवली आहे. सगळा बाळंतविडा बरोबर नेला. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा नेम, म्हणून ते विहीणबाईंच्या घरी उतरले नाहीत. गावच्या मारुतीच्या देवळात राहतात, तीन दगड मांडून स्वतःची भाकरी करतात. दिवसातून दोनदा विहीणबाईंच्या दाराशी जाऊन उभे राहतात, बरं आहे ना विचारतात आणि परत येतात. थंडी फार आहे असं सुखदेव सांगत होता.

त्यानंतर महिनाभर पत्र नाही.

पोस्टमन वसतिगृहाच्या फाटकात आला की मी वर्गातून त्याची पिशवी पाहत असे. तो रोज कुणाकुणाची नावं घेई, माझं सोडून. मला बाळंतपणातलं काही कळत नाही. आमच्या आळीत दोन बायका त्यात गेलेल्या मी पाहिल्या आहेत, तेवढंच कळतं. मनात हिशेब चालू असे. मार्गशीर्ष सरला, पौष लागला. सातवा आम्ही चुकवला तो माझ्यामुळे, हा विचार काही केल्या जात नव्हता. डॉक्टरीण खामगावला होती. धाडला नव्हती. परीक्षेचं पुस्तक उघडलं की त्यावर देवळातले तीन दगड दिसायचे.

पत्र आलं ते एका दुपारी, जेवणाच्या वेळी. अक्षर हेडमास्तरांचंच. मी ते उभ्यानेच फोडलं आणि शेवटाकडून वाचावं की सुरुवातीपासून, ते सुचेना. सुरुवातीपासूनच वाचलं.

"चि. प्रल्हाद यास अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र पाठविण्यास उशीर झाला, कारण पक्की बातमी कळल्याखेरीज लिहू नये असे तुझ्या वडिलांचे म्हणणे पडले. सुखदेव आज पुन्हा धाडहून आला. नानासाहेबांनी मागल्या सोमवारी देवळातला मुक्काम हलविला. ते आता वत्सलाबाईचे घरी जेवतात. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."